सांगून सुरू होणारी गिरणी

ढाणकीच्या भर बाजारात मी एक न हरवलेली मुलगी हरवली म्हणून माईकवरून जाहीर केली.

धंदाच माझा बोलण्याचा. साऊंड सर्व्हिस माझी, माईक माझा, वर घसाही माझाच. सत्काराच्या कार्यक्रमात जिवंत माणसाला श्रद्धांजली वाहणं, नवरदेवाच्या काकाला नवरदेव म्हणून स्टेजवर बोलावणं, असले प्रकार माझ्या हातून आधीही झाले होते; पण ते दुसऱ्या गावी. ढाणकीत मी नवा होतो, नाव कमवायचं होतं. ते त्या दिवशी कमावलं.

बियाण्याच्या एका दुकानाची जाहिरात करायला मला कांद्याच्या ओळीत टिनाखाली बसवलं होतं. समोर कांदेवाल्या मामांचा तराजू, आणि त्या तराजूला जवळजवळ नाक लावून उभी असलेली आठ-नऊ वर्षांची मुलगी. पारडं खाली गेलं की ती वाकायची, वर आलं की टाचा उंचावायची. सोबत कोणी दिसेना. मी जवळ गेलो.

“बाई, तुह्यं नाव काय?”

“तुह्यं नाव काय,” ती म्हणाली. नजर पारड्यावरच.

“माह्यं नाही, तुह्यं सांग.”

“माह्यं नाही तुह्यं सांग.”

एक तर ही घाबरलेली आहे, नाही तर वात्रट आहे, आणि दोन्ही बाबतीत हरवलेली आहे, असा मी निष्कर्ष काढला. माईक हाताशी असला की मला दुसरा विचार सुचत नाही. “लक्ष द्या, लक्ष द्या! लाल फ्रॉकमधली एक मुलगी सापडलेली आहे. नाव सांगत नाही, उलट उत्तरं देते. ज्यांची असेल त्यांनी ओळख पटवून घेऊन जावी!”

भोंगा तिच्या डोक्यावरच होता. तिनं दोन्ही कान दाबले आणि अशी किंकाळी फोडली की शेजारची बकरी दावं तोडायला निघाली. तिला धीर द्यावा म्हणून मी आणखी मोठ्यानं बोलू लागलो. कांदेवाले मामा हातवारे करून मला काहीतरी सांगत होते, पण माझ्या भोंग्यापुढे मामांचं कोण ऐकणार?

तेवढ्यात गर्दी फाटली आणि एक पांढरीफटक बाई माझ्यापुढे येऊन उभी राहिली. केस पांढरे, भुवया पांढऱ्या, पापण्यांवरसुद्धा पीठ. तिनं माझ्या हातातून माईक घेतला. हिसकावला नाही, आपलीच वस्तू उचलावी तसा घेतला.

“हे पोट्टी हरवली नाही,” ती माईकवर म्हणाली. “गिरनीवाल्या जमनाबाईची मैना हाय हे. दर बाजाराले इथंच उभी राह्यते, काटा पाह्यते. कांदेवाले मामा तिले वळखतात. हरवला असन त हा माईकवाला हरवला. ज्याचा असन त्यानं घेऊन जावं.”

सगळा बाजार हसला. मला घेऊन जायला कोणी आलं नाही.

मग तिनं भोंग्याची वायर उपटली आणि मुलीशेजारी मातीत फतकल मारून बसली. हात लावला नाही, पोटाशी धरलं नाही, “उगी उगी” केलं नाही. नुसती बसून राहिली, जणू तिलाही तराजूच पाहायचा होता. बऱ्याच वेळानं मैनाचे हात कानांवरून उतरले. मामांनी पारड्यात एक कांदा टाकला. पारडं खाली गेलं, मैना वाकली.

ही जमनावैनीची आणि माझी ओळख. सगळा बाजार तिला वैनी म्हणायचा, म्हणून मीही.

तिची गिरणी बाजाराच्या मागच्या गल्लीत. नवरा सुभाष वणीला कोळशाचा ट्रक चालवायचा आणि सवड मिळेल तसा घरी यायचा. तो आला की नखशिखान्त काळा, ही नखशिखान्त पांढरी. “आमी दोघं जवळ बसलो की मास्तरले वाटते खडू-फळा ठेवला,” असं ती स्वतःच म्हणायची. बंजारा तांड्यावरची माणसं, घरात गोरबोली, गिऱ्हाइकांशी वऱ्हाडी, आणि रागावली की हिंदी.

माफी मागायची म्हणून मी दुसऱ्या दिवशी गव्हाचा डबा घेऊन गेलो. पाहतो तर गिरणीच्या खांबाला टेकून मैना बसलेली, एक तळहात गिरणीच्या पत्र्यावर ठेवलेला. वैनीनं बटणाकडे हात नेला आणि थांबली.

“मैना, सुरू.”

“सुरू,” मैना म्हणाली.

मग बटण दाबलं. मोटर घरघरली, पट्टा फिरला, कानठळ्या बसवणारा आवाज झाला, आणि मैना डोळे मिटून अशी हसली की जणू कोणी तिच्या पाठीवरून हात फिरवतंय. दळण झालं. “मैना, बंद.” “बंद.” मग बंद. कधी मैना उत्तर द्यायला वेळ लावायची. सगळी ओळ ताटकळायची. एक गिऱ्हाईक कुरकुरलं, “एक बटन दाबाले येवढा तमाशा कायले, वैनी?”

“मालकीन ते हाय. तिनं म्हटल्याबिगर बटन दबत नाही.”

माझी तज्ज्ञता उफाळून आली. आवाजाच्या धंद्यातला माणूस मी. म्हटलं, “वैनी, हिले आवाज सहन होत नाही म्हनता, अन् हे त दिवसभर गिरनीत बसते!”

“गिरनी सांगून सुरू होते, भाऊ,” ती म्हणाली. “तू न सांगता.”

एवढ्यावर गप्प बसलो असतो तर मी मी राहिलो नसतो. मी म्हटलं, “एकदा कळंबच्या चिंतामणी गणपतीले नेऊन पाहा तिले.” ओळीतल्या बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. वैनीनं माझा डबा उचलला आणि ओळीच्या अगदी शेवटी नेऊन ठेवला.

गिरणीचा नियम मला नंतर कळला: सल्ला दिला त्याचं दळण शेवटी. गावानं तिला मध चाटवायला सांगितलं होतं, गाढविणीचं दूध पाजायला सांगितलं होतं, मैनाची नजर उतरवायला सांगितलं होतं. एका शहाण्यानं तर “मोठी झाली की लगन लावून टाक, आपोआप सुधरते” असंही सांगितलं होतं. त्याचा डबा म्हणे तिसऱ्या दिवशी दळून मिळाला. भांडण नाही, वाद नाही. डबा उचलायचा आणि मागे ठेवायचा. माझ्या डब्याला ती शेवटची जागा पुढे कायमचीच झाली. बायका नंबर सांगतानाच म्हणायच्या, “तिच्यामागं मी, अन् सगळ्यात मागं माईकवाला.”

त्या दिवशी अंधार पडता पडता माझा नंबर लागला तेव्हा तिनं उत्तर दिलं. “चिंतामनीले जाऊन आलो आमी. सारं सांगतलं त्याले. त्यानं मुकाट्यानं ऐकलं, सल्ला देल्ला नाही. म्हनून त्याच्यावर माह्यी मर्जी हाय.”

शाळेतही तिनं असंच केलं. मोठे गुरुजी म्हणाले, “आम्हाला काही नाही हो, पण बाकीचे पालक काय म्हणतील?” वैनी म्हणाली, “बाकीच्या पालकाईचं दळन माह्याच गिरनीत येते, गुरुजी. काय म्हनतात ते मले थेट सांगतीन. तुमी कायले मधात त्रास घेता?” मैना शाळेत बसू लागली, पंख्याखाली, दाराजवळ, वाटलं तर उठून जाता येईल अशा जागी. पालक काही म्हणाले नाहीत. दळण सगळ्यांनाच लागतं.

गिरणीच्या भिंतीवर विजेच्या बोर्डाशेजारी एक लोखंडी कडी खिळ्यानं ठोकलेली होती. दाराला लावतात तशी, कोयंड्यासकट. गिरणी सुरू झाली की ती थरथरून वाजायची. मला वाटलं, काहीतरी नवस असेल. एकदा विचारलं, “वैनी, हे कडी इथं कायले? शोभेले?”

ती पीठ चाळत होती. चाळणी थांबली नाही.

“थोरल्या भावाचं लगन व्हतं. तांड्यावरच. बँड सुरू झाला अन् हे ओरडू लागली. सारे म्हनाले, येवढे पाव्हने हायेत, घडीभर कोठीच्या खोलीत ठेव, आपोआप उगी राह्यते. मी ठेवली. बाहेरून कडी घातली. पंगतीत जेवाले बसली. बँडच्या आवाजात मले वाटलं, झोपली.” चाळणीतला कोंडा तिनं झटकला. “उघडलं त पोट्टीच्या हाताचे सारे सांधे सोलून निघाले व्हते. दार वाजवू वाजवू. दारावर बी लागलं व्हतं तिचं रगत. अन् मी भात खाऊन राह्यली व्हती.”

माझी नजर पुन्हा त्या कडीवर गेली.

“कडी काढून आनली मी. भावाले म्हटलं, कोठीचं दार आता उघडंच राह्यन. अन् मनाशी म्हटलं, कोनी पोरीजवळ तिच्या मर्जीनं बसल तवाच मी लग्नाले जाईन. नाहीत नाही.”

आणि ती खरंच जात नसे. पंचक्रोशीतल्या लग्नांचं दळण तिच्या गिरणीतून जायचं, जमनावैनी जायची नाही. पत्रिका यायच्या. ती त्या मैनाला द्यायची; मैना त्यांवरच्या गणपतींची सोंड बोटानं गिरवत बसायची.

लोक विचारायचे, अगदी कळवळून विचारायचे, “तुह्यामागं हिचं कसं होईन, जमना?” या प्रश्नानं मात्र ती पेटायची. “माह्यामागचं माह्यामागं! आज दुपारचं कोन पाह्यते ते सांग. आज दुपारी बसतं का हिच्याजवळ? मंग? नाही बसत त मी मेल्याचं कायले इचारतं?”

यवतमाळला मोठ्या डॉक्टरीणबाईंना दाखवायचं ठरलं तेव्हा गाडी माझी गेली. एसटीचा हॉर्न मैनाला सहन व्हायचा नाही. माझ्या गाडीतून मी भोंगे उतरवले आणि वैनीच्या नियमाप्रमाणे ठरवलं की न सांगता हॉर्न वाजवायचा नाही. त्यामुळे वळण आलं की मी म्हणायचो, “मैना, हॉर्न.” मैना विचार करून म्हणायची, “हॉर्न.” तोवर समोरची म्हैस रस्ता ओलांडून, आमच्याकडे पाहून, निघूनही गेलेली असायची. उमरखेडच्या पुढे वैनी म्हणाली, “माईकवाल्या, आमाले यवतमाळले जाचं हाय, वर नाही.”

डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या. मैनाशी त्या बोलल्याच नाहीत आधी. टेबलावरचा पेपरवेट गोल फिरवत राहिल्या, मैना तो पाहत राहिली. मग सांगितलं की हा ऑटिझम, मराठीत स्वमग्नता म्हणतात; हा रोग नाही, औषधानं जाणारी गोष्ट नाही, ती अशीच घडलेली आहे; शिकवता येतं, सोपं करता येतं.

“स्वमग्न म्हंजे?” वैनीनं विचारलं.

“म्हणजे... स्वतःमध्येच मग्न.”

“शब्द चुकला, बाई,” वैनी म्हणाली. “कोनती बाई कवा दळन आनते, कोनाच्या डब्याचं झाकन कोनाले लागलं, मामाचा काटा कवा हलका झाला, हे सारं हिले ठाऊक राह्यते. हे साऱ्या बाजारात मग्न हाय. बाजारच स्वतःत मग्न हाय.”

बाई हसल्या. शब्द मी काही बदलू शकत नाही, म्हणाल्या, पण लक्षात ठेवीन. दर आठवड्याला आणा, इथे थेरपीच्या ताई आहेत. वैनी म्हणाली, “हप्त्याले ढाणकीहून इथं येऊ त गिरनी कोन चालवन? आमी यवतमाळले आलो. यवतमाळ कवा ढाणकीले येन?”

बाईंनी पेपरवेट बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, “घरी मैनाच्या मदतीला कोण असतं?”

“मी.”

“आणि तुमच्या मदतीला?”

वैनीनं तोंड उघडलं आणि मिटलं. मला ती निरुत्तर झालेली पाहायची इतकी सवय नव्हती की मीच उत्तर द्यायला निघालो होतो. बरं झालं, खोकला आला.

परतीच्या वाटेवर पुसद मागे पडलं. वैनी खिडकीबाहेर पाहत म्हणाली, “इतक्या लोकाईनं पोरीचं इचारलं. माह्यं इचारणारी हे पयलीच.” आणखी थोड्या वेळानं: “शेतात कसं करतो आपन? आज मी तुह्या वावरात, उद्या तू माह्या. सावड. लेकराची सावड काहून नाही होत?”

मी म्हटलं, “वैनी, वावरातली कापसाची पराटी निंदनं वेगळं अन्...” आणि थांबलो. गाडीत डबा नव्हता, पण मला तो ओळीच्या शेवटी जाताना दिसला.

अशी लेकरं कोणाच्या घरी आहेत हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. ती म्हणायची, “दळन ठेवून गप्पा मारते त्या बाईच्या घरी सारं बरं हाय. डब्बा ठेवून पळते तिच्या दाराले बाहेरून कडी हाय.” अशा पळणाऱ्या बायकांच्या मागे ती पिठाच्या हातानं गेली. कोणी दारातून परत पाठवलं, कोणी “आमच्याकडं असलं काही नाही” म्हणून दार लावून घेतलं. भीमनगरातल्या प्रज्ञाताईंनी मात्र तिला आत घेतलं. प्रज्ञाताईंचा सुमेध वयात आलेला, उंचापुरा. रस्त्यावर मोटरसायकल फटफटली की तो भिंतीवर डोकं आपटायचा, म्हणून कित्येक दिवसांत घराबाहेर पडलेला नव्हता. त्या दोघी एका चटईवर बसल्या आणि म्हणे नुसत्या रडल्या. हे मला प्रज्ञाताईंनी सांगितलं. वैनी म्हणते, पीठ डोळ्यांत गेलं होतं.

मागोमाग आणखी काही दारं उघडली. गिरणी बंद असते त्या दिवशी चार घरची माणसं लेकरांसह गिरणीत बोलवायची ठरलं. वैनी मला म्हणाली, “एक सतरंजी आन. बस.”

आता सांगा, साऊंडवाल्यानं नुसती सतरंजी न्यायची? माझ्या मनात मोठा विचार. मी बॅनर छापला: ‘भव्य सावड महामेळावा’. सहा बॉक्स लावले. उद्घाटनाला एका पुढाऱ्याला बोलावलं. तो आपले चार कार्यकर्ते आणि फटाक्यांची माळ घेऊन आला. हे सगळं वैनीला आश्चर्याचा धक्का द्यायचा म्हणून न सांगता. धक्का बसला. मी “हॅलो, हॅलो, चेक” म्हणालो, बॉक्समधून लोखंड चिरल्यासारखी शिट्टी वाजली, बाहेर माळ तडतडली, आणि एकाच क्षणी सगळी लेकरं ओरडू लागली. मैना गिरणीच्या खाली शिरली. सुमेध, जो किती दिवसांनी पहिल्यांदा घराबाहेर आला होता, तो आईचा हात सोडून धावत सुटला. प्रज्ञाताई त्याच्यामागे, मी प्रज्ञाताईंच्या मागे, माझ्यामागे माझी वायर.

तो कापसाच्या गाड्यांच्या आडोशाला, चाकाला मिठी मारून बसलेला सापडला. परत आलो तर गिरणीत अंधार. वैनीनं फ्यूज काढून कमरेला खोचला होता. पुढारी मात्र हटेना. “दोन शब्द बोलून जातो,” म्हणाला.

“बोला की,” वैनी म्हणाली. “पन बिगर माईकचं. अन् किती येळ बोलनार ते आधी सांगा. लेकराईले न सांगता सुरू झालेलं चालत नाही, अन् न सांगता चालू राह्यलेलं त बिलकुल नाही.”

पुढाऱ्यानं बराच विचार केला. किती वेळ बोलणार हे त्याला आयुष्यात कोणी विचारलं नव्हतं. त्याला घड्याळ दिसलं, काम आठवलं, तो गेला.

मला वाटलं आता माझी पाळी. पण तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. बॅनर खाली ओढला, उलटा करून जमिनीवर अंथरला, म्हणाली, “सतरंजीचं काम झालं,” आणि सगळ्यांना त्यावर बसवलं. लेकरं शांत व्हायला वेळ लागला तो लागू दिला. मग तिनं हळू आवाजात सांगितलं: एका घरानं एक दुपार दुसऱ्याच्या लेकराजवळ बसायचं. काय आवडतं, काय सोसत नाही, ते आधी समजून घ्यायचं. बाहेरून कडी लावायची नाही. आणि ज्या आईची दुपार मोकळी झाली तिनं त्या दुपारी भांडी घासायची नाहीत.

“मंग काय कराचं?” एका बाईनं खरोखर गोंधळून विचारलं.

“झोपाचं. नाहीत पाय पसरून बसाचं. हे बी कामच हाय, बाई. आपल्याले कोनी शिकवलं नाही येवढंच.”

कोणी म्हणालं, लोक काय म्हणतील, आपलं लेकरू दुसऱ्याच्या गळ्यात टाकते. वैनी म्हणाली, “लोक आताच काय कमी म्हनून राह्यले? फुकट कायले ऐकाचं? दुपारभर झोपून तरी ऐकू.”

पहिल्या महिन्यात सावड दोनदा मोडली. एकदा तर एकीच्या सासूनं दुसऱ्या जातीचं लेकरू घरात घ्यायला नकार दिला. वैनीनं त्या घरचं दळण बंद केलं नाही, फक्त “तुमच्या गव्हात पन दुसऱ्याच्या गव्हाचं पीठ राह्यतेच, आजी. जातं काही धुत नाही मी मधात,” एवढं म्हणाली. सासू दोन दिवस जेवली नाही, तिसऱ्या दिवशी लेकरू घरात घेतलं. पुढे एक-एक बाई पदराखालून काहीतरी आणून गिरणीच्या भिंतीवर ठोकायला देऊ लागली. कड्या. कोणाची साखळीची, कोणाची आडव्या पट्टीची. प्रज्ञाताईंनी तर अख्खं कुलूप आणलं. गिरणी सुरू झाली की ती सगळी भिंत किणकिणायची. यवतमाळच्या डॉक्टरीणबाईंनीही ‘यवतमाळ कवा ढाणकीले येन?’ हा वैनीचा प्रश्न लक्षात ठेवला होता; महिन्यातून एकदा एक तरुण थेरपीच्या ताई ढाणकीत येऊन त्या कड्यांखाली बसू लागल्या. मी वैनीला विचारलं, ह्या तर नुसते सल्लेच देतात, ह्यांचा डबा? “ते आधी इचारते, मंग सांगते. इचारून सांगतलं त तो सल्ला नसते, भाऊ. मदत असते.”

माझंही वैनीनं एक दिवस ठरवून टाकलं. “घरी असं लेकरू नाही म्हनून सुटला नाही तू. तुह्या बी दुपारी लागतीन. बदल्यात काय पाह्यजे?”

“माह्यं दळन पयलं.”

“ते सोडून.”

व्यक्तिचित्रं माणूस गेल्यावर लिहायची पद्धत आहे हे मला ठाऊक आहे. पण जमनावैनी ठणठणीत आहे, आणि हे वाचून माझा डबा पुन्हा मागे टाकणार आहे. आठवणीतली म्हणायचं तर तिची एक सकाळ आहे, जी माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

मैना तेव्हा सोळा-सतरा वर्षांची. वैनीच्या धाकट्या भावाचं लग्न निघालं. मुलगी वणीकडची, लग्न वणीला. वैनीनं मैनाला विचारलं, “लग्नाले येतं का?” मैना बराच वेळ पत्रिकेच्या गणपतीवरून बोट फिरवत राहिली आणि म्हणाली, “बँड नाही.” म्हणजे ती येणार नव्हती. मग कोणाकडे राहशील? “सुमेध.” म्हणजे प्रज्ञाताईंकडे. आणि दिवसा? “गिरनी.” प्रज्ञाताई दिवसा शाळेत खिचडी शिजवायला जात, म्हणून गिरणी चालवायची सावड माझ्यावर आली. वैनीनं मला आठवडाभर शिकवलं आणि रोज एकदा कपाळाला हात लावला.

त्या सकाळी मी गिरणीत पोचलो तर ओळ लागलेली आणि दाराशी एक अनोळखी बाई उभी. हिरवी साडी, काळेभोर केस, तेल लावून घातलेली वेणी, लखलखीत चेहरा. मी अदबीनं म्हटलं, “बाई, आज जरा थांबा लागन. वैनी गावाले चालल्या. गिरनी माह्याकडं हाय.”

“मले मालूम हाय, भाऊ,” ती बाई म्हणाली. “मीच चालली.”

ओळ हसून हसून वाकली. इतक्या वर्षांत मी तिला पिठाशिवाय पाहिलंच नव्हतं; यवतमाळलाही ती पिठाच्या केसांनीच आली होती.

ती मैनाशेजारी जाऊन बसली. “मैना, याडी चालली. परवा संध्याकाळी येन.” आई म्हणजे त्यांच्या बोलीत याडी. मैना म्हणाली, “परवा संध्याकाळी येन.” वैनी उठली. मिठी नाही, रडणं नाही, मला शेवटच्या सूचना नाहीत. गल्लीच्या तोंडाशी सुभाषचा ट्रक उभा होता. तोही घासूनपुसून आलेला. ती साडी सावरत चढली आणि समोर तोंड करून बसली. मला वाटलं, आता वळून पाहील. निदान वळणावर तरी. नाही पाहिलं. कोठीच्या त्या दारापासून जी एकाही लग्नात जेवली नव्हती, ती बाई ताठ मानेनं, सरळ रस्त्याकडे पाहत, बँड वाजणार होता तिकडे निघून गेली.

मला भरून आलं. सगळ्या ओळीला भरून आलं असावं, कारण नंबरावरून कोणी भांडेना. काहीतरी करायला हवं म्हणून मी पहिला डबा ओतला आणि बटण दाबलं.

मोटर गरजली. भिंतीवरच्या सगळ्या कड्या एकदम खणखणल्या. मैनाचे हात कानांवर गेले, आणि तेव्हा मला कळलं की मी काय विसरलो. मी धडपडत बटण बंद केलं. ओळीतल्या बायका माझ्याकडे पाहत होत्या. पीठ नव्हतं तरी मी पांढरा झालो असणार.

मैना ओरडली नाही. कानांवरचे हात तिनं हळूहळू काढले, बटणाकडे पाहिलं, आणि ढाणकीच्या भर बाजारात आईकडून एकदाच ऐकलेल्या सुरात, एक शब्द इकडचा तिकडे न करता म्हणाली, “हरवला असन त हा माईकवाला हरवला. ज्याचा असन त्यानं घेऊन जावं.”